कागद गुळगुळीत, कारभार खडबडीत

"टेबलटॉप रोलप्लेइंग गेम्सचा सगळ्यात भारी प्रकाशक कोण?" हा प्रश्न चार खेळणाऱ्यांमध्ये टाका आणि गंमत बघा. पाच मिनिटांत गाडी कागदाच्या जाडीवर, रंगीत चित्रांवर आणि कव्हरवरच्या ड्रॅगनवर येते. जणू काही आपण लग्नपत्रिका पसंत करायला बसलोय!

मला हे मुळातच पटत नाही. प्रकाशकाचा दर्जा पुस्तक घेतलं त्या दिवशी कळत नाही, तो पुढच्या पाच वर्षांत कळतो.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि सगळे मिळून गोष्ट रचतात. अडलं की फासे टाकायचे. कशासाठी कोणता फासा आणि किती आकडा पडला की काय होणार, हे सांगणारं एक जाडजूड पुस्तक असतं. कादंबरी वाचून कपाटात गेली की विषय संपला. हे पुस्तक मात्र दर शनिवारी उघडावं लागतं. खरं तर ते सॉफ्टवेअरच आहे, फक्त चालतं ते आपल्या डोक्यात. मग सॉफ्टवेअर घेताना जे विचारतो तेच इथे का विचारू नये? बग निघाले तर दुरुस्ती मिळते का? नवी आवृत्ती आली की जुनं बंद पडतं का? आणि लायसन्समध्ये नक्की काय लिहिलंय?

पहिला प्रश्न, बग. स्टीव्ह जॅक्सन गेम्सची 'गर्प्स' १९८६ची, तिची चौथी आवृत्ती २००४ची. दिसायला अगदीच पाठ्यपुस्तकी. पण ही मंडळी पुस्तकवार चुकांच्या याद्या उघडपणे देतात आणि ३२ पानांची 'गर्प्स लाइट' फुकट देतात. म्हणजे आधी चाखा, मग घ्या. आता दुसरीकडे बघा. कॅटॅलिस्ट गेम लॅब्सच्या 'शॅडोरन'ची सहावी आवृत्ती २०१९ला आली. चित्रं झकास, पण चुका इतक्या की २०२१मध्ये दुरुस्त्या घालून 'सिटी एडिशन' काढावी लागली. ज्यांनी २०१९लाच हौसेने पैसे मोजले त्यांच्या छापील पुस्तकात मात्र त्या चुका तशाच राहिल्या. आम्ही असा कोड रिलीज केला तर क्लायंट फोनवर काय काय बोलेल ते इथे लिहिता येणार नाही.

दुसरा प्रश्न, जुन्याचं काय? केऑसियमचा 'कॉल ऑफ क्थुलू' १९८१चा. सातव्या आवृत्तीत पात्रांचे आकडे बदलले, पण कसे? जुन्या गुणांना पाचने गुणा, झालं! चाळीस वर्षांपूर्वीचं साहस आजही थोडीफार डागडुजी करून खेळता येतं. केऑसियम काही धुतल्या तांदळासारखं नाही. सातव्या आवृत्तीसाठी लोकांकडून २०१३ला आगाऊ पैसे घेतले आणि पुस्तकं रखडली. पण २०१५मध्ये संस्थापक ग्रेग स्टॅफर्ड परत आले, व्यवस्थापन बदललं आणि रखडलेली पुस्तकं पोचवायचं काम हाती घेतलं. चुका सगळेच करतात, निस्तरतं कोण ते बघायचं.

आता विझर्ड्स ऑफ द कोस्ट. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणजे आपलं डीएनडी १९७४चं. विझर्ड्सने ते १९९७मध्ये घेतलं आणि १९९९मध्ये विझर्ड्सलाच हॅस्ब्रोने घेतलं. ऑगस्ट २०२४मध्ये त्यांनी जाहीर केलं की डीएनडी बियाँडवरच्या कॅरेक्टर शीटमध्ये जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू काढून २०२४च्या आवृत्तीतले येणार. ज्यांनी जुन्या पुस्तकांचे पैसे मोजले होते त्यांनी ते मंत्र हाताने परत भरायचे! बोंबाबोंब झाली आणि काही दिवसांतच निर्णय मागे घेतला. पण ही कल्पना मीटिंगमध्ये पास झालीच कशी? विकलेला माल गिऱ्हाइकाच्या कपाटात शिरून बदलायचा, ही मनोवृत्तीच मला खटकते.

तिसरा प्रश्न लायसन्सचा, आणि खरी मेख इथेच आहे. २०००मध्ये विझर्ड्सने ओपन गेम लायसन्स आणलं. आमचे मूळ नियम वापरा, त्यावर तुमची पुस्तकं काढा आणि विका. शेकडो छोट्या लेखकांनी, प्रकाशकांनी या भरवशावर संसार उभे केले. २००८ला चौथ्या आवृत्तीबरोबर जास्त जाचक लायसन्स आलं, तेव्हा पायझोने जुन्याच लायसन्सवर २००९मध्ये 'पाथफाइंडर' काढलं आणि ते तुफान चाललं. मग जानेवारी २०२३मध्ये नव्या लायसन्सचा मसुदा फुटला. जुनं लायसन्स रद्दबातल, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर उलाढाल गेली की त्यावरच्या रकमेचे २५ टक्के रॉयल्टी म्हणून द्या. नफ्याचे नव्हे, उलाढालीचे! आपण वीस वर्षं वापरतोय त्या ओपन सोर्स लायब्ररीच्या मालकाने एका सकाळी असं कळवलं तर?

लोकांनी धडाधड सबस्क्रिप्शन्स रद्द केली. २७ जानेवारी २०२३ला विझर्ड्सने माघार घेतली आणि मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. पायझोने तोवर इतर प्रकाशकांना घेऊन 'ऑर्क' नावाचं लायसन्स जाहीर केलंच होतं. त्याचा अंतिम मसुदा जून २०२३मध्ये आला. शिवाय पाथफाइंडरचे सगळे नियम 'आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस'वर कायदेशीरपणे फुकट वाचता येतात. तरीही लोक पायझोची पुस्तकं विकत घेतातच ना?

"पण शेवटी विझर्ड्सने ऐकलं की!" असं माझे डीएनडीवाले मित्र म्हणतात. ऐकलं, मान्य. २०२५मध्ये नव्या आवृत्तीचे मूळ नियमही क्रिएटिव्ह कॉमन्सखाली दिले, त्याचंही श्रेय देतो. हे लायसन्स परत घेता येत नाही, म्हणून तर मला ते मोलाचं वाटतं. कंपनीच्या शब्दापेक्षा मला ती तरतूद जास्त भरवशाची वाटते. आणि पायझो म्हणजे संत मंडळी असंही नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांना कामाच्या परिस्थितीबद्दल तक्रारी करत २०२१मध्ये युनियन काढावी लागली. कंपनीने ती मान्य केली, हे त्यातल्या त्यात बरं.

आपल्यासारख्या पुण्या-मुंबईत बसून खेळणाऱ्यांना हे सगळं जरा जास्तच लागू पडतं. परदेशातून पुस्तक मागवायचं म्हणजे किंमत, टपालखर्च आणि वर कस्टम्स. आपल्याला पीडीएफ हाच आधार. विझर्ड्सने एप्रिल २००९मध्ये चोरीचं कारण देऊन सगळ्या पीडीएफची विक्री एका फटक्यात बंद केली आणि थेट २०१३ला जुनी पुस्तकं परत आणली. २०१४च्या पाचव्या आवृत्तीची मुख्य पुस्तकं तर पीडीएफमध्ये विकलीच नाहीत. चोरी करणाऱ्यांनी केलीच, अडकला तो पैसे द्यायला तयार असलेला माणूस.

चित्रं चांगली असू नयेत असं मी म्हणत नाहीये. डीएनडीची चित्रं बघून कितीतरी नवे लोक या छंदात येतात, आणि ते चांगलंच आहे. पण चित्राला दर्जा म्हणू नका. चित्र म्हणजे जाहिरात.

तेव्हा पुढचं पुस्तक घ्यायच्या आधी दहा मिनिटं काढा. चुकांची यादी देतात का, फुकट नमुना आहे का, पीडीएफ आपल्याकडे राहते की त्यांच्या अकाउंटमध्ये, आणि लायसन्स परत घेता येतं का, एवढं बघा. यातल्या दोन उत्तरांनाही "नाही" आलं, तर कव्हरवर कितीही देखणा ड्रॅगन असो, पाकीट खिशातच ठेवा. शनिवारचा खेळ फुकटच्या ३२ पानांवरही मस्त रंगतो.