घर लहान असेल, रस्ता लहान नाही

मुळशी, मावळ, कर्जत, महाड या तालुक्यांत डोंगरावर घर बांधू पाहणाऱ्यांचा एक युक्तिवाद वारंवार पुढे येतो. दीड हजार चौरस फुटांचे एक घर आणि तिथवर चारचाकी जाईल एवढी वाट. यासाठी पर्यावरणाची तपासणी कशाला? तपासायचे तर धरणे तपासा, खाणी तपासा, शेकडो सदनिकांचे प्रकल्प तपासा. या म्हणण्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. एका कुटुंबाच्या घरासाठी जाडजूड अहवाल मागणे अन्यायाचेच ठरेल. चूक होते ती पुढच्या अर्ध्या भागात. घर लहान आहे एवढ्यावरून त्याची वाटही लहान ठरवली जाते आणि घराला मिळणारी सूट आपोआप वाटेलाही लागू होते. उतारावर डोंगराला धक्का लागतो तो घरापेक्षा रस्त्याने. म्हणून यंत्र डोंगराला लागण्याआधी त्या रस्त्याची, आणि मुख्यतः रस्त्याचीच, थोडक्यात पण बंधनकारक तपासणी झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

साधा हिशेब करून पाहू. घराची जागा गावरस्त्यापेक्षा ३० मीटर उंचावर आहे असे धरा. गाडीला सोसवेल असा १:१० चा चढ ठेवला तर वाट ३०० मीटर लांब होते. रुंदी चार मीटर धरली तर नुसती वाटेची सपाटीच १,२०० चौरस मीटर भरते. दीड हजार चौरस फुटांचे बैठे घर जमीन व्यापते सुमारे १४० चौरस मीटर. म्हणजे वाट घराच्या आठपटींहून मोठी झाली. डोंगराचा मूळ उतार १:३ असेल आणि काप अगदी उभा ठेवला, तरी एवढ्या लांबीत सुमारे ८०० घनमीटर, म्हणजे जवळपास २८० ब्रास माती-मुरूम सुटतो. माती भुसभुशीत असेल तर काप तिरका घ्यावा लागतो आणि हा आकडा आणखी वाढतो. घराच्या पायासाठी होणारी खोदाई याच्यापुढे किरकोळ ठरते.

ही माती जाते कुठे, हा खरा प्रश्न आहे. ट्रकने हलवणे महागात पडते, म्हणून ती खालच्या अंगाला लोटली जाते. तो भराव धुमसाने दाबलेला नसतो. त्याखाली गवत आणि झुडपे तशीच गाडलेली असतात. ती कुजली की मधे एक मऊ थर उरतो आणि मोठ्या पावसात भराव त्याच थरावरून सरकतो. वरच्या अंगाला कापामुळे उताराचा आधार गेलेला असतो. सह्याद्रीच्या उतारांवर बहुतेक ठिकाणी खाली कातळ, त्यावर मुरूम आणि त्यावर माती अशी मांडणी असते. पावसाचे पाणी मातीतून मुरमात उतरते आणि कातळाच्या माथ्यावरून सावकाश खाली सरकत झऱ्यांना मिळते. काप नेमका या पाण्याला मधेच उघडे पाडतो. जे पाणी उतारभर पसरून झिरपायचे ते चाकोरीत गोळा होते, वाटेच्या उताराने धावत सुटते आणि एखाद्या वळणावर एकाच जागी खाली कोसळते. तिथे घळ पडते, आणि घळीतला गाळ खालच्या भातखाचरांत, ओढ्यात, वाडीच्या विहिरीत जाऊन बसतो. घाटमाथ्याच्या पट्ट्यात, महाबळेश्वर किंवा ताम्हिणीकडे, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथे हे सारे घडायला एक पावसाळा पुरतो. नुकसान सोसणारा शेतकरी त्या घराच्या व्यवहारात कुठेच नसतो. ना त्याची सही असते, ना त्याला कोणी विचारलेले असते.

यावर सांगितले जाते की परवानग्या आधीच पुष्कळ आहेत. आहेत, पण त्या रस्त्याकडे पाहत नाहीत. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेत इमारतींना पर्यावरण मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटर बांधकामापासून. आपले १४० चौरस मीटरचे घर त्याच्या एक टक्काही भरत नाही, आणि रस्त्याची लांबी किंवा कापाची उंची तर त्या मोजमापात धरलेलीच नाही. पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राचे मसुदे २०१४ पासून निघत आहेत. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात महाराष्ट्राचे १७,००० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र आहे. डोंगर वाचवण्यासाठी काढलेल्या या मसुद्यांतही बांधकामांवरच्या बंदीची मर्यादा तीच, २०,००० चौरस मीटर. राज्याच्या बांधकाम नियमावलीत १:५ पेक्षा तीव्र उतारावर विकासाला मनाई आहे, पण सड्यावर किंवा टेपावर सपाट तुकडा सापडला की घराची जागा नियमात बसते आणि तिथवर चढणारा उतार नजरेआड राहतो. महसूल खाते मुरमाचे स्वामित्वधन ब्रासवर मोजते. तो मुरूम कुठल्या उतारावरून सुटला आणि पाणी आता कुठून वाहणार, हे पाहणे त्या हिशेबाचे कामच नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रस्त्यांसारख्या कामांसाठी साधी माती काढण्याला २०२० साली दिलेली सरसकट सूट रद्द केली. त्या सुटीला ना क्षेत्राची मर्यादा होती ना मातीच्या परिमाणाची, हा न्यायालयाचा एक मुख्य आक्षेप होता. लहान घराच्या वाटेला आज मिळणारी मोकळीकही तशीच अमर्याद आहे.

दुसरा आक्षेप मालकीचा. जमीन माझी, पैसा माझा, सरकारचा संबंध काय? हा वाद अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात पन्नास वर्षांपूर्वी लढला गेला. तिथला पर्यावरण तपासणीचा कायदा १९७० चा. तो फक्त सरकारी कामांना लागू आहे असे मानले जात होते. १९७२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ज्या खाजगी कामाला सरकारी परवाना लागतो त्यालाही तो लागू आहे. पुढे त्या राज्याने जी नियमावली केली ती आपल्या उपयोगाची आहे. तिने एका कुटुंबाच्या घराला तपासणीतून सूट दिली, आणि मातीकामाचा वेगळा विचार केला. मातीकामाच्या सुटीची मर्यादा १० टक्क्यांहून कमी उतार. पाणवाटेत, पाणथळीत किंवा भूगर्भीय धोक्याच्या नोंदलेल्या क्षेत्रात तीही नाही. खाजगी मालकीला एवढे जपणाऱ्या देशातल्या एका राज्यालाही घर आणि मातीकाम वेगळे धरावेसे वाटले. मालकी जमिनीची असते. त्या जमिनीवरून खाली जाणारे पाणी आणि दगड हद्दीच्या खुणा पाळत नाहीत, म्हणून खालच्या माणसाचा अधिकार तिथे सुरू होतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. डोंगर रस्त्याविनाही कोसळतात, उलट रस्ता नसल्याने माणसे मरतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड आली. त्या वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावपथके पायी चढली, यंत्रे वर पोहोचू शकली नाहीत. हे खरे आहे आणि ते विसरता येणार नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. कोणीही न खणता जर एखादा उतार पावसाने खाली येत असेल, तर तशाच उताराचा पायथा न पाहता कापणे अधिकच धोक्याचे आहे. वाडीला रस्ता हवाच, आणि तो संकटाच्या रात्री शाबूत राहणारा हवा. पहिल्या मुसळधार पावसात मोरीविना वाहून जाणाऱ्या वाटेवरून रुग्णवाहिका चढत नाही. तपासणी रस्ता अडवण्यासाठी नाही, त्याची आखणी योग्य जागेवरून व्हावी यासाठी आहे.

राहिली भीती सरकारी जाचाची. गोव्यात नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ नुसार डोंगर कापायला मुख्य नगरनियोजकाची परवानगी लागते, तरी तिथे डोंगरफोडीच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. नुसती परवानगी पुरत नाही, हे यातून कळते. प्रत्यक्ष जागेवर काय तपासायचे ते ठरलेले हवे. मालकाने समतलरेषांच्या नकाशावर वाटेची आखणी दाखवावी. काप कुठे किती उंच, सुटलेली माती कुठे टाकणार, किती ओढे ओलांडणार आणि प्रत्येकावर मोरी केवढी, गटाराचे पाणी शेवटी कुठे सोडणार, एवढी उत्तरे पुरेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे १:५०,००० या प्रमाणाचे आहेत. त्यांवर ३०० मीटरची वाट जेमतेम सहा मिलिमीटर दिसते. म्हणून अभियंत्याने उतारावर जाऊन पाहणे अनिवार्य हवे. उतार १:१० पेक्षा कमी आणि वाटेत ओढा नसेल तर काहीच नको. पायवाटा, भातखाचरे, शेताचे बांध, गावठाणातली घरे यांना हात लावू नये. डोंगरातल्या माणसाला त्याच्या शेतात परवाने मागायला लावणारा कायदा मलाही नको आहे. निर्णय ३० दिवसांत व्हावा आणि ही सेवा २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली आणावी, म्हणजे अर्ज अडवून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला दंड लागेल. जून ते सप्टेंबर उतारावर मातीकाम बंद असावे, यात अपवाद फक्त आपत्तीचा.

एका घराच्या वाटेने काय होणार, असे अजूनही कोणी म्हणेल. पण डोंगरावर सहसा घर एकटे येत नाही. एक मोठा सर्व्हे नंबर घेऊन त्याचे अकरा-अकरा गुंठ्यांचे तुकडे पाडले जातात, ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून विकले जातात आणि प्रत्येक मालक आपापल्या वेळेला आपापली वाट कापतो. स्वतंत्रपणे पाहिली तर प्रत्येक वाट क्षुल्लक ठरते, आणि एकाच उतारावर एकावर एक पाच काप बसतात. अशा ठिकाणी तपासणी पहिला तुकडा विकण्याआधी संपूर्ण डोंगराची आणि सर्वांच्या मिळून एका रस्त्याची व्हायला हवी. मंजूर आखणी आणि मोऱ्या-भिंतींची जबाबदारी सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवावी, म्हणजे खरेदीखतावर सही करण्याआधीच घेणाऱ्याला कळेल की आपल्या घराची वाट कुठून जाणार आहे आणि ती टिकवण्याचा खर्च कोणाचा आहे.