आमच्या ताटाच्या नावाने आमच्या बापाचा कांदा अडवू नका

सुरतेत राहणाऱ्या खानदेशी आणि तमाम मराठी भावाबहिणींनो,

केंद्र सरकार कांद्याची निर्यात अडवतं तेव्हा दर वेळी एकच कारण सांगतं: शहरातल्या गरीब ग्राहकाला कांदा परवडला पाहिजे. हा शहरातला गरीब ग्राहक कोण? लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा, नवागाम, गोडादरा इथे भाड्याच्या खोल्यांत राहणारे आपण. लूमवर बारा तासांची पाळी करणारे, डाइंग मिलमध्ये वाफेत उभे राहणारे, घरी बसून साडीला लेस आणि टिकल्या लावणाऱ्या आपल्या बायका. आपल्या ताटाचं नाव पुढे करून हा निर्णय घेतला जातो आणि आपल्याला आजवर कुणी एका शब्दानेही विचारलेलं नाही. न विचारता दिलेलं हे उत्तर आहे. आमच्या नावावर घेतलेली निर्यातबंदी आम्हाला मान्य नाही.

हिशेब साधा आहे, घरी बसून कुणीही करावा. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो कांदा लागतो असं धरा. भाव किलोला 20 वरून 60 रुपयांवर गेला तर महिन्याचे 200 रुपये जास्त जातात. हे 200 रुपये आपल्याला जड जातात, ते नाकारण्याचं कारण नाही. आता साक्री, शिंदखेडा, पारोळा किंवा अमळनेरकडच्या आपल्या घरी बघा. बापाच्या, भावाच्या चाळीत 50 क्विंटल कांदा आहे. बंदीच्या एका आदेशाने क्विंटलमागे 1000 रुपये पडले, तर एका झटक्यात 50,000 रुपये गेले. ते कोण भरून काढतं? आपणच. सोसायटीचं कर्ज, भावाच्या पोराची फी, आईचं दवाखान्याचं बिल, सगळं सुरतेहून फोनवरून पाठवावं लागतं. शहरात आपल्या खिशात 200 रुपये ठेवल्याचं सांगायचं आणि गावी त्याच घराचे 50,000 काढून घ्यायचे, अशी ही ग्राहकहिताची योजना आहे. आणि मुळात आपण ग्राहक झालो ते का? शेतात पोट भरेना म्हणून भुसावळ-सुरत गाडीत बसलो. पडलेल्या भावानेच आपल्याला इथे आणलं, आणि आता आपल्या इथे असण्याचं निमित्त करून भाव पाडले जातात.

काय काय घडलं ते तारखांनिशी लक्षात ठेवा, कारण पुढाऱ्यांना विसर लवकर पडतो. 19 ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याहून कमी दराने परदेशी माल विकायचाच नाही. 8 डिसेंबरपासून पूर्ण बंदी. त्या आठवड्यात लासलगावला लाल कांद्याचा सरासरी भाव क्विंटलला चार हजारांच्या आसपास होता; महिनाभरात तो दोन हजारांच्या खाली आला. बंदी 31 मार्च 2024 ला संपणार असं लेखी होतं. त्या भरवशावर लोकांनी उन्हाळ कांदा लावला, आणि मुदत संपायच्या आधी आठवडाभर, 22 मार्चला, ती बेमुदत वाढवली. 4 मे 2024 ला, लोकसभेची निवडणूक अर्ध्यावर असताना, बंदी उठली, पण 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क राहिलं. विधानसभेच्या तोंडावर, 13 सप्टेंबर 2024 ला, अट गेली आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं. ते पूर्ण हटायला 1 एप्रिल 2025 उजाडला. ज्या पिकाला रोपापासून काढणीपर्यंत चार-पाच महिने लागतात, त्या पिकाचे नियम दीड-दोन वर्षांत इतक्या वेळा बदलले, तेही रातोरात.

आपल्याकडचेच काही जण विचारतात, निर्यात तर व्यापारी करतो, त्यात शेतकऱ्याचं काय? हा प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून नीट उत्तर देतो. 2022-23 साली देशात सुमारे 302 लाख टन कांदा पिकला आणि बाहेर गेला 25 लाख टन. दहातला एक भागही पुरता नाही. पण लिलावात ट्रॅक्टरभोवती जे खरेदीदार उभे असतात, त्यांत एकाला दुबई, कोलंबो किंवा बांगलादेशचा माल भरायचा असेल तर तो बोली वर नेतो. मग सुरत, इंदूर, दिल्लीसाठी घेणाऱ्यालाही त्या बोलीजवळ यावं लागतं. तो एक माणूस लिलावातून काढून टाकला की सगळ्याच ट्रॅक्टरचे भाव उतरतात, निर्यातीला न जाणाऱ्या कांद्याचेसुद्धा. बंदर बंद होतं न्हावा शेवाला, आणि मार पडतो पिंपळनेरच्या बाजारात.

आणि हा उतरलेला भाव आपल्या पिशवीपर्यंत तरी पूर्ण येतो का? रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी 2024 मध्ये टोमॅटो, कांदा, बटाट्याचा हिशेब मांडला. ग्राहक कांद्यासाठी जो रुपया देतो, त्यातले शेतकऱ्याला मिळतात सुमारे 36 पैसे. उरलेले 64 पैसे वाहतूक, हमाली, आडत, नासाडी आणि मधल्या नफ्यात जातात. ग्राहकाला दिलासा द्यायचा तर हात त्या 64 पैशांत घालायला हवा. तिथे मेहनत लागते: चाळी बांधायच्या, साठवणूक सुधारायची, दलालीच्या साखळ्या तोडायच्या. अधिसूचनेवर सही करायला काहीच लागत नाही. म्हणून दर वेळी 36 पैसेवाला कापला जातो. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूर बाजारात एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा विकला. खर्च वजा जाता त्याच्या हाती 2 रुपयांचा चेक आला. त्या दिवशी ग्राहकाच्या काळजीने पेटणारं सरकार उत्पादकासाठी का पेटलं नाही?

आता सुरतेचंच उदाहरण घ्या, कारण ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. कापडावरचा जीएसटी 1 जानेवारी 2022 पासून 5 वरून 12 टक्के होणार होता. इथल्या कापड बाजाराने विरोध केला, दुकानं बंद ठेवली. 31 डिसेंबर 2021 ला, लागू व्हायच्या आदल्या दिवशी, जीएसटी परिषदेने ती वाढ थांबवली. चांगलंच झालं, त्या बाजारावर आपली चूल चालते आणि ती वाढ आपल्याच मजुरीतून वसूल झाली असती. नवसारीजवळ वांसी-बोरसीला केंद्राचा मोठा टेक्स्टाइल पार्क होतोय, त्यालाही आपला विरोध नाही. आमचं म्हणणं एवढंच की कापडाच्या बाजूने बोललं तर सरकार ऐकतं, आधी चर्चा होते, मुदत मिळते. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातशुल्काविरोधात लासलगावसह नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, तेव्हा शुल्क एका टक्क्यानेही खाली आलं नाही. साडी विणणारा आणि कांदा पिकवणारा एकाच घरातले दोन भाऊ आहेत. एकाच्या मालाला धोरण आणि दुसऱ्याच्या मालाला फर्मान, हा भेद आपण का सोसायचा?

सप्टेंबर 2020 तर विसरूच नका. सरकार सांगत होतं की शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य देतोय, आवश्यक वस्तू कायद्याच्या जाचातून कांदा-बटाटा मोकळा करतोय. 15 सप्टेंबरला ते विधेयक लोकसभेत मंजूर झालं. त्याच्या आदल्या दिवशी, 14 सप्टेंबरला, कांद्याची निर्यात बंद केली होती. आधी सप्टेंबर 2019 मध्येही अशीच बंदी आली होती. त्या ऑक्टोबरात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर सभेत म्हणाल्या की आधी जरा कळवलं असतं तर बरं झालं असतं, अचानक बंद केलंत. लोक हसले. पण गिऱ्हाईक जातं ते असंच. ज्याला आपल्या पुरवठ्याचा भरवसा राहत नाही, तो पाकिस्तान, चीन, इजिप्तकडून घ्यायला लागतो, स्वतःकडे लागवड वाढवतो. 2025 मध्ये शुल्क शून्य झालं तरी नाशिक जिल्ह्यात चाळीतला कांदा हजार-बाराशेला द्यावा लागला, त्याची मुळं या तुटलेल्या भरवशातही आहेत. बंदी उठली म्हणून बाजार परत येत नाही.

एक नाजूक गोष्ट उघडपणे बोलतो. 25 एप्रिल 2024 ला, देशभर बंदी असताना, 2000 टन पांढरा कांदा बाहेर पाठवायला परवानगी मिळाली आणि त्यासाठी गुजरातच्या फलोत्पादन आयुक्तांचा दाखला लागणार होता. महाराष्ट्रात संताप झाला आणि तो रास्त होता. पण त्या संतापाचा रोख गुजरातच्या शेतकऱ्यावर वळवू नका. आपण या राज्याचं अन्न खातो. महुवा-भावनगरचा कांदेवाला आपल्याइतकाच भरडला गेला. डिसेंबर 2023 मध्ये गोंडलच्या यार्डातले शेतकरीही बंदीविरुद्ध रस्त्यावर आले होते. नवापूर स्थानकात दोन राज्यांची हद्द फलाटाच्या मधून जाते, आणि बाकड्याच्या या टोकाला बसलेल्या शेतकऱ्याची अडचण त्या टोकाच्या शेतकऱ्याहून वेगळी नाही. परवानगी द्यायची तर सगळ्यांना द्या, हेच दोघांचं म्हणणं आहे.

लूमवर चहाच्या वेळी ऐकू येतं की शेतकऱ्याला सरकार पोसतं, खताला अनुदान, वर्षाला 6000 रुपये सन्मान निधी. ओईसीडी ही आंतरराष्ट्रीय संस्था आणि दिल्लीची इक्रियर यांनी 2018 मध्ये याचा हिशेब काढला. 2000-01 ते 2016-17 या काळात, अनुदानं जमेला धरूनसुद्धा, भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेली मदत उणे होती: त्याच्या एकूण उत्पन्नाच्या सरासरी 14 टक्के उणे. म्हणजे अनुदानातून जे आलं, त्यापेक्षा जास्त निर्यातीवरच्या आणि बाजारावरच्या बंधनांनी काढून घेतलं. शरद जोशींनी 1980 च्या आंदोलनात कांद्याच्या रास्त भावासाठी शेतकरी रस्त्यावर आणला तेव्हा हेच सांगितलं होतं. उपकाराची भाषा आता सरकारने थांबवावी.

मग महागाईत गरिबाने काय खावं? यालाही उत्तर आहे. सरकारकडे भाव स्थिरीकरण निधी आहे, नाफेड आणि एनसीसीएफ लाखो टन कांदा घेऊन ठेवतात. तो भाव पडलेले असताना, बाजार समितीतल्या उघड लिलावात, शेतकऱ्याकडून घ्या. आणि भाव चढले की रेशन दुकानावर लिंबायत-पांडेसऱ्यात कमी दराने द्या. त्याचा खर्च देशाच्या तिजोरीने उचलावा. गरिबाला स्वस्त अन्न देणं हे सगळ्या देशाचं काम आहे. ते एकट्या कांदा उत्पादकाच्या खिशातून का?

आपण राहतो त्या सुरत जिल्ह्यातच बारडोली आहे, गावी जाताना गाडी तिथे थांबते. 1927 मध्ये मुंबई सरकारने तिथला शेतसारा 22 टक्क्यांनी वाढवला. 1928 मध्ये वल्लभभाईंच्या मागे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांची मुख्य मागणी होती ती निःपक्ष चौकशीची. आधी हिशेब तपासा, मग सारा मागा. चौकशी झाली आणि ती वाढ अवाजवी ठरली. परक्या सरकारकडून जे मिळवलं, ते आपल्याच सरकारकडे मागायला संकोच कसला? 2019 पासूनच्या प्रत्येक कांदा निर्यातबंदीने शेतकऱ्याचं किती नुकसान झालं आणि ग्राहकाचे खरोखर किती पैसे वाचले, याची स्वतंत्र चौकशी व्हावी आणि अहवाल मराठी-गुजरातीतही छापावा. लागवडीच्या वेळी जो निर्यात नियम असेल, तो त्या पिकाची विक्री होईपर्यंत बदलू नये. दुष्काळासारख्या खऱ्या संकटात बदलावाच लागला, तर फरकाची रक्कम थेट उत्पादकाच्या खात्यात जमा व्हावी.

उधना आणि लिंबायत ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात येतात, तिथले खासदार सी. आर. पाटील मूळ जळगाव जिल्ह्यातले आहेत आणि केंद्रात मंत्री आहेत. मत मागायला आले की ते आपल्याशी आपल्या भाषेत बोलतात. आता आपण त्यांच्याशी आपल्या बापाच्या पिकाबद्दल बोलू. या पत्रकासोबत निवेदनाचा कागद आहे. त्यावर सही करताना सुरतेतला पत्ता लिहा आणि खाली गावाचं व तालुक्याचं नावही लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की हा ग्राहकही आहे आणि शेतकऱ्याचं लेकरूही. ज्यांच्याकडे कांद्याची पट्टी आहे त्यांनी तिची झेरॉक्स जोडावी. डिसेंबर 2023 ते मे 2024 मधली असेल तर नक्की. आखाजीला घरी जाल तेव्हा चार कोरे कागद न्या, भावाच्या आणि शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. बायांनी आपल्या नावाने वेगळी सही करावी, कारण कांदा लावणारे आणि काढणारे हात बहुतेक त्यांचेच आहेत. वाचून झालं की पत्रक शेजारच्या लूमवरच्या माणसाला द्या. तो ओडिशाचा किंवा उत्तर प्रदेशचा असेल तर त्याला हिंदीत समजावून सांगा. त्याच्याही गावाकडे शेत आहे.

सुरतेत राबणारी शेतकऱ्यांची मुलं-मुली