प्रवेश मिळाला, आधाराचे काय?

परदेशी शिक्षणाची वाट आता महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांच्या अंगवळणी पडली आहे. २०२४ मध्ये परदेशात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या १३ लाखांच्या वर गेली होती. त्यांत स्वमग्न मुले-मुलीही आहेत आणि त्यांची संख्या वाढत जाणार, हे उघड आहे. ज्यांचे निदान लहानपणीच झाले, ज्यांच्या आईवडिलांनी थेरपी केंद्रांचे, शाळांचे आणि बोर्डाच्या कार्यालयांचे उंबरठे झिजवले, ती पिढी आता अठरा-वीस वर्षांची झाली आहे. यांतली कितीतरी मुले गणितात, संगणकशास्त्रात, संगीतात वर्गाच्या पुढे आहेत. त्यांनी परदेशी जरूर जावे. चिंता आहे ती त्यांच्यासाठी विद्यापीठ निवडण्याच्या आपल्या पद्धतीची. ती पद्धत धोक्याची आहे आणि हे मोठ्याने सांगण्याची वेळ आली आहे.

आज ही निवड होते कशी? आधी क्यूएसची क्रमवारी पाहिली जाते, मग एखाद्या कन्सल्टन्सीत फेरी होते, मग कर्जासाठी बँक. क्यूएसच्या गुणांकनात विद्वानांमधला लौकिक, नोकरी देणाऱ्यांमधला लौकिक, शोधनिबंधांचे दाखले, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण अशा गोष्टी मोजल्या जातात. दिव्यांग विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात मदत मिळाली का, आणि किती दिवसांत मिळाली, याला तिथे गुण नाहीत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही याच क्रमवारीकडे बोट दाखवते. कन्सल्टन्सीचे म्हणाल, तर ‘फ्री कौन्सेलिंग’ करणाऱ्यांची कमाई प्रामुख्याने विद्यापीठांकडून मिळणाऱ्या कमिशनवर चालते. यादीत नसलेले, पण या मुलाला मानवेल असे विद्यापीठ त्यांनी आपणहून सुचवावे, ही अपेक्षा कशी ठेवायची?

स्वमग्न मुलाच्या यशामागे घरात एक यंत्रणा अखंड राबत असते. ठरल्या वेळी उठवणारी आई, ठरलेलाच डबा, परीक्षेच्या तारखा मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावणारे बाबा, वर्षानुवर्षांचे ओळखीचे रिक्षावाले काका, वर्गशिक्षिकेला परस्पर केलेला फोन, पाहुणे येणार असतील तर दोन दिवस आधी दिलेली कल्पना. बारावीच्या टक्क्यांत या सगळ्याचा वाटा असतो, पण गुणपत्रिकेवर तो दिसत नाही. विमान सुटले की ही परांची एका रात्रीत उतरते. तीही अशा वेळी, जेव्हा जेवण, हवा, खोली, बस, बँक आणि माणसे एकदमच बदललेली असतात. बदल पचवणे ज्याला सर्वांत जड जाते, त्याच्यावर एकाच आठवड्यात आपण इतके बदल लादतो आणि तो कोलमडला की ‘त्याला झेपले नाही’ म्हणून मोकळे होतो.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. तिथल्या शाळांवर दिव्यांग मूल हुडकून त्याच्यासाठी स्वतंत्र शैक्षणिक आराखडा आखण्याची कायदेशीर जबाबदारी असते. महाविद्यालयात ती संपते. १९७३च्या पुनर्वसन कायद्याचे कलम ५०४ आणि १९९०चा दिव्यांगविषयक कायदा यांचे संरक्षण परदेशी विद्यार्थ्यालाही आहे. पण मागणी त्याने स्वतः करायची, कागदपत्रे त्याने जमवायची, सवलतीबद्दल प्राध्यापकांशी त्यानेच बोलायचे. अनोळखी माणसाकडे मदत मागणे हेच ज्याला सर्वांत अवघड, त्याला प्रत्येक दार स्वतः ठोठावावे लागते. शिवाय ‘फेर्पा’ या कायद्यामुळे महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. मुलगा तीन आठवडे वर्गात फिरकलेला नाही, हे डोंबिवलीतल्या आईला विद्यापीठ आपणहून कळवेल, या भरवशावर राहता येत नाही. मुलाची लेखी संमती नसेल, तर तिने फोन करूनही बहुधा उत्तर मिळत नाही. ही संमती आधीच भरून देता येते. किती घरांना हे ठाऊक आहे?

ब्रिटनमध्ये अडचण पैशाची. २०१०च्या समानता कायद्यानुसार विद्यापीठाने दिव्यांग विद्यार्थ्यासाठी वाजवी फेरबदल करणे बंधनकारक आहे आणि त्यात परदेशी विद्यार्थीही येतो. परंतु स्वमग्न विद्यार्थ्याला आठवड्याला भेटणारा प्रशिक्षित मार्गदर्शक, खास सॉफ्टवेअर अशा मदतीचा खर्च तिथल्या विद्यार्थ्यांसाठी ‘डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्स’ या सरकारी निधीतून होतो. आपल्याकडून स्टुडंट व्हिसावर गेलेल्या मुलाला तो मिळत नाही. मग हा खर्च विद्यापीठ स्वतः उचलते का, किती तासांपर्यंत उचलते, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे. माहितीपुस्तिकेत हसऱ्या चेहऱ्यांखाली लिहिलेली मदत आपल्या मुलाला लागू आहे, असे समजून चालणे महागात पडते.

सर्वांत मोठा सापळा मात्र व्हिसाचा आहे. स्वमग्न विद्यार्थ्याला अनेकदा सर्वाधिक उपयोगी पडणारी सवलत म्हणजे एका सत्रात कमी विषय घेण्याची मुभा. तिथल्या नागरिकाला ती तुलनेने सहज मिळते. अमेरिकेत एफ-१ व्हिसावरच्या पदवी विद्यार्थ्याला मात्र साधारणपणे सत्राला १२ क्रेडिट घ्यावेच लागतात. वैद्यकीय कारणाने भार कमी करता येतो, पण त्यासाठी परदेशी विद्यार्थी कार्यालयाची परवानगी आधी हवी, डॉक्टरचे किंवा मानसशास्त्रज्ञाचे पत्र हवे आणि एका पदवीच्या स्तरावर ही सवलत एकूण १२ महिन्यांपुरतीच. थकलेल्या मुलाने ही परवानगी न घेता एक विषय सोडला, तर त्याचा तिथे राहण्याचा कायदेशीर हक्कच धोक्यात येतो. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातही स्टुडंट व्हिसाचा पाया पूर्णवेळ अभ्यासक्रम हाच आहे. दिव्यांग सहाय्य कार्यालय एका इमारतीत, व्हिसा पाहणारे कार्यालय दुसऱ्या इमारतीत, आणि दोघांचे एकमेकांशी बोलणे झाले नाही, तर मदत म्हणून केलेली गोष्टच परतीचे तिकीट ठरू शकते.

शिक्षणानंतर तिथेच स्थायिक होण्याचा विचार असेल, तर आणखी एक दार आधीच पाहून ठेवले पाहिजे. ऑस्ट्रेलियात व्हिसासाठी आरोग्याची अट आहे. अर्जदारावर होऊ शकणारा सार्वजनिक खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे जाईल असे वाटले, तर अर्ज अडतो. जुलै २०२४ पासून ही मर्यादा ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. तिथल्या १९९२च्या दिव्यांगभेदविरोधी कायद्यातून स्थलांतराचा कायदा वगळलेला आहे. कॅनडाने २०१८ मध्ये असेच निकष सैल केले आणि विशेष शिक्षणाचा खर्च त्यांतून काढून टाकला. देश निवडताना हा फरक शुल्काच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

आता आपल्या हातातला कागद पाहू. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला मान्यता दिली, हे मोठे पाऊल होते. पण आपले प्रमाणपत्र टक्क्यांत बोलते: ४० टक्के, ५० टक्के, खाली शिक्का आणि सही. सरकारी सवलतींसाठी ते पुरते. परदेशी विद्यापीठाला कळायला हवे ते वेगळेच असते. तोंडी सूचना लक्षात राहतात का? गोंगाटात किती वेळ बसता येते? गटात काम करताना नेमके काय अडते? आजवर कोणत्या सवलती घेतल्या आणि त्यांचा उपयोग झाला का? निदानाचा अहवाल अनेकदा मूल पाच-सहा वर्षांचे असतानाचा असतो. वीस वर्षांच्या तरुणाबद्दल तो काहीच सांगत नाही. नवा, तपशीलवार, इंग्रजीतला अहवाल निघण्यापूर्वी इथेच करून घेतला पाहिजे. ब्रिटनमध्ये प्रौढांच्या स्वमग्नता-तपासणीच्या रांगा इतक्या लांब आहेत की, तिथे गेल्यावर पाहू म्हणणाऱ्याची पदवी संपेल आणि नंबर लागायचा राहील.

या सगळ्याच्या मुळाशी लपवाछपवी आहे. ‘अर्जात लिहू नका, प्रवेश नाकारतील’ हा सल्ला नातेवाईकही देतात आणि काही कन्सल्टंटही. अमेरिकेत प्रवेशाआधी दिव्यांगत्वाची चौकशी करण्यावरच विद्यापीठांना सर्वसाधारणपणे बंदी आहे; ब्रिटनमध्ये त्या कारणाने प्रवेश नाकारणे बेकायदा आहे. प्रवेश मिळाल्यानंतर गोपनीयतेने सांगायची सोय दोन्हीकडे आहे. मुलाने कधी, कुणाला, किती सांगायचे हा त्याचा अधिकार आहे. तो त्याने समजून वापरावा. घराण्याच्या अब्रूपायी त्याच्या तोंडाला कुलूप लावण्याचा हक्क कुणालाही नाही. व्हिसाच्या अर्जात विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर देणे तर कधीच परवडणारे नाही.

विद्यापीठ निवडायचे कसे, याचे उत्तर प्रश्नांतच आहे. मार्गदर्शक आठवड्याला किती वेळ भेटेल, आणि पैसे कोण देणार? वसतिगृहात स्वतंत्र खोली दिव्यांग सवलत म्हणून मिळते का? स्वयंपाकघर किती जणांत? आगीच्या भोंग्याची चाचणी कोणत्या दिवशी, किती वाजता होते? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. ब्रिटनमधल्या अनेक वसतिगृहांत ही चाचणी दर आठवड्याला होते. आवाजाची तीव्र संवेदना असलेल्या मुलाला वेळ आधी माहीत असेल, तर तो त्या वेळी बाहेर जाऊ शकतो. नसेल, तर तो आठवडाभर त्याच धास्तीत काढतो. किती गुण तोंडी परीक्षेला आणि गटप्रकल्पाला, आणि त्यांना पर्याय आहे का, हेही विचारले पाहिजे. ब्रिस्टल विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या, तीव्र सामाजिक चिंताविकाराने ग्रासलेल्या एका विद्यार्थिनीने २०१८ मध्ये आपले जीवन संपवले. तोंडी मूल्यमापनाची पद्धत तिच्यासाठी न बदलून विद्यापीठाने भेदभाव केला, असा निकाल २०२२ मध्ये लागला आणि २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. परीक्षेची पद्धत हा जिवावर बेतणारा विषय असू शकतो, हे त्या निकालाने जगाला सांगितले.

चांगली उदाहरणेही आहेत. डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीला २०१८ मध्ये ‘ऑटिझम-स्नेही विद्यापीठ’ म्हणून मान्यता मिळाली. अमेरिकेत मार्शल विद्यापीठ आणि रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी इथे स्वमग्न विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आहेत. अशा कार्यक्रमांना बहुधा वेगळे शुल्क पडते, ते हिशेबात धरावे. जर्मनीत परीक्षेतल्या सवलतींचा हक्क मान्य आहे आणि बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. क्रमवारीत दोनशे पायऱ्या खाली असलेले, पण हात धरणारे विद्यापीठ या मुलांसाठी अधिक मोलाचे आहे.

सरकारनेही हात झटकू नयेत. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीच्या जागा साऱ्या देशात मिळून वर्षाला २० आहेत. त्या वाढवायला हव्यात. राज्याने परदेश शिष्यवृत्तीच्या निकषांत विद्यापीठाची दिव्यांग सहाय्यव्यवस्था धरावी. जिल्हा रुग्णालयांनी टक्क्यांबरोबर वर्णनात्मक अहवालही द्यावा. शाळा-महाविद्यालयांनी दिलेल्या सवलतींची लेखी नोंद विद्यार्थ्याच्या हाती ठेवावी. कन्सल्टन्सींना कमिशन उघड करण्याची सक्ती व्हावी.

पण सरकार जागे होईपर्यंत पुढच्या सत्राचे अर्ज थांबणार नाहीत. म्हणून पालकांना आणि त्याहून अधिक त्या मुलामुलींना आमचे स्पष्ट सांगणे आहे: अनामत रक्कम भरण्याआधी हे सारे प्रश्न दिव्यांग सहाय्य कार्यालयाला आणि व्हिसा कार्यालयाला एकाच ई-मेलमध्ये विचारा. उत्तर लेखी मागा. ते आले नाही, किंवा गोलमोल आले, तर ते विद्यापीठ जगात कितव्याही क्रमांकावर असो, तिथे पैसे भरू नका.