संगणकातला संगणक कोणता घ्यावा?



बऱ्याच घरांत संगणक एकच असतो. त्यावर वडिलांचे हिशेब असतात, ताईचा प्रकल्प असतो, आईने जपलेली छायाचित्रे असतात. ‘लिनक्स कशी असते ते पाहू या’ म्हणून त्याच्या डिस्कचे विभाग पाडायला बसलात आणि एक कळ चुकीची दाबली, तर हे सारे पुसले जाऊ शकते. म्हणून घरचे ‘हात लावू नकोस’ म्हणतात, आणि त्यात त्यांचे चुकत नाही. पण हात न लावता कोणी काही शिकले आहे काय?

यावरचा उपाय म्हणजे आभासी संगणक. चालू संगणकाच्या आतच, एका खिडकीत, एक आज्ञावली दुसऱ्या संगणकाचा हुबेहूब देखावा उभा करते. आतल्या लिनक्सला जी डिस्क वाटते, ती बाहेरच्या विंडोजच्या दृष्टीने केवळ एक मोठी फाइल असते. बिघडली, तर टाकून द्यावी आणि नवी करावी! कल्पना जुनीच आहे. १९६७ साली आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील केंद्रात सीपी-४० ही प्रणाली एकाच यंत्रावर अनेकांना जणू स्वतंत्र संगणक देत असे.

आता निवडीकडे वळू. प्रथम प्रक्रियक पाहा. आतली कार्यप्रणाली त्याच जातीच्या प्रक्रियकासाठी लिहिलेली असेल, तर तिच्या बहुतेक आज्ञा थेट चालतात. जात वेगळी असेल, तर प्रत्येक आज्ञेला दुभाषी लागतो आणि काम फार मंदावते. २०२० नंतरच्या ॲपलच्या एम मालिकेतील संगणकांवर म्हणूनच एआरएम जातीची लिनक्स घ्यावी.

मग स्मृती मोजा. ८ गिगाबाइट असेल, तर आतल्या हलक्या लिनक्सला २ गिगाबाइट खुशाल द्या. एकूण ४ गिगाबाइटच असेल, तर या वाटेला जाऊ नका. पेन ड्राइव्हवरून, डिस्कला धक्का न लावता चालणारी लिनक्स बरी.

साधनांत व्हीएमवेअर वर्कस्टेशन १९९९ पासूनचे आणि नाणावलेले आहे. त्याची प्रो आवृत्ती नोव्हेंबर २०२४ पासून विनामूल्य झाली. हायपर-व्ही विंडोजबरोबरच येते, पण होम आवृत्तीत नाही. संगणकावर आधीच लिनक्स असेल, तर २००७ पासून तिच्या गाभ्यातच असलेले केव्हीएम वापरावे. मॅकसाठी यूटीएम आहे.

विंडोज वापरणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र व्हर्च्युअलबॉक्स घ्यावे, असे माझे मत आहे. ते सर्वांत वेगवान आहे असा माझा दावा नाही. पण फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. फुकट दिलेली वस्तू कंपनी उद्या परत घेऊ शकते. व्हर्च्युअलबॉक्सच्या मूळ भागाची संहिता २००७ साली खुली झाली. पुढे ते इनोटेककडून २००८ मध्ये सनकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेले. मालक बदलले, पण संहिता आजही कोणालाही उघडून वाचता येते. विद्यार्थ्याचे उपकरण आत डोकावू देणारे असावे. त्याच्या जोडपुडक्याचा परवाना मात्र वेगळा आहे, तो वाचूनच ते घ्या.

‘परीक्षेत नाही, मग कशाला?’ असे कोणी विचारील. एकच कार्यप्रणाली पाहिलेल्याला बटणांच्या जागा पाठ होतात. दुसरी पाहिली, की फाइल म्हणजे काय, परवानगी म्हणजे काय, हे कळू लागते. जागा बदलतात, तत्त्वे राहतात.

दोन सूचना. साधन चालेना, तर संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीत व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद असू शकते. मोठ्यांना विचारून ती चालू करा. आणि बाहेरचा फोल्डर आतल्या यंत्राशी जोडू नका. त्यात पुसलेले खरोखरच पुसले जाते.

एवढे झाल्यावर आतल्या यंत्राच्या स्थितीची नोंद, म्हणजे स्नॅपशॉट, घ्या. मग मुद्दाम एखादी महत्त्वाची फाइल पुसा. काय बंद पडले, कोणता संदेश आला, ते वहीत लिहा आणि यंत्र पूर्वस्थितीला आणा. उद्या दुसरी फाइल!