मामांचा ट्रक आणि माझी एक्सेल शीट

तर झालं असं की, मे २०२५ मधल्या एका शुक्रवारी ऐन स्टँडअप मीटिंगमध्ये मामांचा फोन आला. मामा कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीत, म्हणून उचलला. "गाडी बसली रे मूर्तिजापूरजवळ. इंजिन गेलं म्हनते डायवर. काय करू, दुरुस्त करू का इकून टाकू?"

मामांची गाडी म्हणजे सहाचाकी ट्रक. २०१३ चं मॉडेल, एमएच ३० पासिंग, २०१८ मध्ये सेकंडहँड घेतलेला. दिवाळीपासून होळीपर्यंत कापूस, सोयाबीन, तूर. एरवी अकोल्याच्या दालमिलचा माल, मधूनच वरूड-मोर्शीकडची संत्री. त्या एका गाडीवर मामांचं घर, ड्रायव्हरचं घर आणि मामेबहिणीचं नर्सिंग कॉलेज चालतं. पुण्यात बसून "विकून टाका ना" म्हणायला आपलं काय जातंय?

बरं, रस्ताही असातसा नाही. अमरावती-अकोला. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून गिनीज रेकॉर्ड झाला होता. रस्त्याचा काही दोष नाही. दोष रेडिएटरच्या फुटक्या होज पाइपचा, वरच्या पंचेचाळीस डिग्रीचा, आणि काटा लाल झाल्यावरही "अकोला आता आलंच" म्हणत गाडी हाकण्याचा.

रात्रीची गाडी पकडली, शनिवारी सकाळी बडनेऱ्याला उतरलो आणि तिथून एसटीने अकोला. ट्रक टोचन करून बायपासजवळच्या गॅरेजात आणला होता. मिस्त्रींनी डिपस्टिक काढून दाखवली. ऑइल नव्हतंच ते, दुधाचा चहा होता! म्हणजे हेड गॅस्केट उडालं आणि पाणी ऑइलमध्ये गेलं. पाणी मिसळलेल्या ऑइलवर गाडी पुढे चालवली की बेअरिंग कोरडी पडतात, पिस्टन लायनरला घासतो आणि इंजिन जाम. नक्की कुठवर गेलंय? "खोलल्याशिवाय नाही सांगता येत भाऊ. एक लाखात निघंल, नाहीतर अडीच."

माझ्याकडे ट्रेनमध्ये बनवलेली एक्सेल शीट होती (हसू नका, तुम्हीही तेच केलं असतं). दलालाने जशी आहे तशी गाडीचे १,६०,००० सांगितले होते. चालू स्थितीत तिला साधारण ४ लाख आले असते. मी सावध माणूस, म्हणून दुरुस्तीच्या रकान्यात अडीच लाख टाकले. उरतात दीड. म्हणजे दहा हजारांच्या फरकाने का होईना, विका! शीटचा तो सेल हिरवासुद्धा झाला.

मग टपरीवर चहा पिताना डोक्यात आलं, दलालानेही नेमका हाच हिशेब केलाय. त्यानेही सर्वात वाईट आकडा धरला. फरक एवढाच की तो आकडा खरा ठरला तर त्याचं फारसं बिघडत नाही, त्याचा घरचा मिस्त्री आहे. आणि खोटा ठरला तर मधले लाख-सव्वा लाख त्याचे. बंद इंजिनाची किंमत अशी ठरते मंडळी. आत काय मोडलंय त्यावर नाही, तर आत काय मोडलं असेल या भीतीवर. हेड आणि चेंबर खोलून बघायला मिस्त्री ८,००० मागत होते. मामांना ते फुकट घालवल्यासारखे वाटत होते. माझ्या मते सगळ्या प्रकरणात तेच सर्वात सत्कारणी लागले असते. न खोलता विकू नका आणि न खोलता दुरुस्तीला होही म्हणू नका. लॉग न वाचता "अख्खं सॉफ्टवेअर नव्याने लिहू या" म्हणणारा नवा मॅनेजर आपण सगळ्यांनीच पाहिलाय.

मामांचा मुद्दा वेगळाच होता. "मांगच्या साली नव्वद हजार लावले तिच्यात. ते काय पान्यात गेले?" इथे मी अडून बसलो. गेलेले पैसे गेले. क्लचप्लेट आणि रंगाचे पैसे या हिशेबात धरायचेच नाहीत. पण टायर मात्र धरायचे! चार टायर जवळपास नवे आहेत, आणि दलालाच्या भावात त्यांचा एक रुपया दिसत नव्हता. मामा एवढ्यावर थांबणार थोडेच? ट्रक बसला मूर्तिजापूरला, त्यामुळे शकुंतला आलीच. "तिचं कोळशाचं इंजिन मँचेस्टरचं. १९२३ पासून १९९४ पर्यंत चाललं. अन् मायी गाडी बारा वर्सात देऊन टाकू?" मी म्हटलं, मामा, तिला दरवर्षी आरटीओचं फिटनेस लागत नव्हतं.

रविवारी इंजिन खोललं. दोन लायनर ओरखडलेले, हेड थोडं वाकलेलं पण फेसिंग होण्यासारखं. क्रँक एक साइझ ग्राइंड करून वाचणार होता. ब्लॉकला तडा नाही. हिशेब १,३५,००० वर आला, खोलायचे आठ हजार त्यातच. ब्लॉक फुटलेला असता किंवा रॉड तुटून बाहेर आला असता, तर मी त्याच संध्याकाळी विका म्हटलं असतं.

एक शेजारी म्हणाले, नुसतं गॅस्केट टाका, घासूनपुसून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारा. मला हे पटत नाही. तो गिऱ्हाईकही कुणाचातरी मामाच असणार. आणि चांगलं बांधून लगेच विकावं म्हटलं तर बांधलेल्या इंजिनाचे पूर्ण पैसे कुणी देत नाही. बांधायचं तर चालवण्यासाठी बांधा.

किती वर्षं? गाडीला पंधरा वर्षं २०२८ मध्ये होतील. त्या वयापुढच्या व्यावसायिक गाड्यांचं फिटनेस शुल्क एप्रिल २०२२ मध्ये कित्येक पटींनी वाढवलंय. म्हणजे हातात तीन सीझन. सीझनमागे दुरुस्तीचे ४५,००० पडतात, आणि मामांना सगळं जाऊन दोनेक लाख सुटतात. नवीन घ्यायची तर वीसेक लाखांचं कर्ज, हप्ता काही कापूस आला की नाही ते विचारत नाही. शिवाय २०२० नंतरच्या बीएस-सिक्स गाडीला युरियाची टाकी आणि सेन्सर. आडरस्त्यावर बसली तर लॅपटॉपवाला शोधा! (हे लॅपटॉपवालाच लिहितोय.) भंगारात देऊन नव्या गाडीच्या करात सूट मिळते, पण ती नवी घेतली तरच.

जाता जाता एक, विकणाऱ्यांसाठी. दलाल म्हणत होता, फॉर्म २९-३० वर सह्या करून ठेवा, नावावर नंतर करू. अजिबात करू नका. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये, नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात, स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी चार हात फिरली असली तरी अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकाच्याच माथी. १,६०,००० रुपयांत केवढी मोठी टांगती तलवार!

ट्रक जूनमध्ये रस्त्यावर आला. रनिंगनंतरचं पहिलं ऑइल बदलताना मिस्त्रींनी डिपस्टिकचा फोटो पाठवला, काळंभोर ऑइल, छान वाटलं. फक्त रेडिएटरमधलं पाणी अजून थोडं कमी होतंय म्हणे. मिस्त्री म्हणतात, नवीन जोड आहेत, बसतील. मला ते काही पटलेलं नाही. होज क्लॅम्प पुन्हा आवळून घ्या म्हणून मामांना सांगितलंय, आणि ड्रायव्हरला काट्यावर नजर ठेव म्हणून.