हजाराचा भत्ता घ्यावा, पण कार्ड सोडू नये

टपाल खात्यातून निवृत्त होताना पेन्शनचे जे अर्ज भरावे लागतात, त्यात वैद्यकीय सोयीबाबतचा एक पर्याय निवडायचा असतो. ग्रॅच्युइटी किती, पेन्शनचा किती भाग एकरकमी विकायचा, यावर घरात महिनाभर चर्चा होते. या पर्यायावर मात्र शेजारच्या टेबलावरचा सहकारी सांगेल तिथे खूण केली जाते. तालुक्याच्या गावी राहणारे बहुतेक जण ‘निश्चित वैद्यकीय भत्ता’ निवडतात. दरमहा १,००० रुपये, बिल दाखवायचे नाही, रांगेत उभे राहायचे नाही. साठाव्या वर्षी तब्येत बरी असते, तेव्हा हा व्यवहार फायद्याचाच वाटतो.

तो अर्धाच फायद्याचा आहे. नोकरीत असताना सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकार आरोग्य योजनेच्या कक्षेबाहेरच्या कर्मचाऱ्याला १९४४च्या वैद्यकीय परिचर्या नियमांनुसार खर्चाची परतफेड मिळते. आजारपण आले, बिल लावले, पैसे आले, ही सवय तीस वर्षांत अंगवळणी पडलेली असते. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी हे नियम लागू राहत नाहीत. केवळ भत्ता घेतलेल्या माणसाला इस्पितळात दाखल व्हावे लागले, तर सरकारकडून मिळणारी मदत त्याच हजार रुपयांत संपते. ही गोष्ट अनेकांना पहिल्या मोठ्या बिलाच्या वेळीच कळते.

आरोग्यावरचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक ठरलेला: रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी. जनऔषधी केंद्रातून जेनेरिक औषधे घेतली तर साध्या रक्तदाब-मधुमेहाचा महिन्याचा खर्च हजाराच्या आत बसू शकतो. दुसरा खर्च अवचित येतो: हृदयविकाराचा झटका, खुब्याचे हाड मोडणे, कर्करोग. तो कधी येईल आणि किती येईल हे कुणालाच सांगता येत नाही, आणि आला की लाखांच्या घरात जातो. पहिला खर्च खिशातून भागवता येतो. संरक्षण लागते ते दुसऱ्यासाठी. भत्ता पहिल्या खर्चासाठी आहे. दुसऱ्यासाठी सीजीएचएसचे कार्ड आहे. दोन्ही एकत्र घेता येतात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

सीजीएचएसच्या कक्षेबाहेर राहणाऱ्या केंद्रीय निवृत्तांपुढे तीन वाटा आहेत. फक्त भत्ता घ्यायचा. जवळच्या शहरातील केंद्राचे पूर्ण कार्ड घेऊन भत्ता सोडायचा. किंवा बाह्यरुग्ण उपचारांसाठी भत्ता घ्यायचा आणि इस्पितळात दाखल होण्यापुरते कार्ड ठेवायचे. ही तिसरी वाट खेड्यापाड्यांत आणि तालुक्यांत राहणाऱ्या टपाल निवृत्तांसाठी सर्वांत शहाणपणाची आहे. तिच्या आड येते ती सुरुवातीला भरायची रक्कम.

निवृत्तांना वर्गणी दर वर्षी भरता येते किंवा दहा वर्षांची एकदम भरून आजीवन कार्ड घेता येते. वेतनस्तर १ ते ५ साठी वर्गणी महिना २५० रुपये, म्हणजे एकरकमी ३०,००० रुपये. स्तर ६ साठी ४५० रुपये, म्हणजे ५४,०००. स्तर ७ ते ११ साठी ६५० रुपये, म्हणजे ७८,०००. ग्रॅच्युइटीतून मुलीचे लग्न, घराचे राहिलेले काम असे बेत ठरलेले असताना हे आकडे बोचतात. पण गडचिरोलीतल्या एका पोस्टमनचे उदाहरण घेऊ. ग्रामीण डाकसेवक म्हणून सुरुवात करून तो पुढे पोस्टमन झाला, आणि दोन आश्वासित प्रगती मिळून स्तर ५ वर निवृत्त झाला. तो ३०,००० भरतो आणि भत्ताही घेतो. वर्षाला १२,००० रुपये भत्त्यातून येतात. अडीच वर्षांत त्याची वर्गणी फिटते. स्तर ६ वाल्याची साडेचार वर्षांत, स्तर ७ वाल्याची साडेसहा वर्षांत. त्यापुढे कार्ड त्याचे आणि पत्नीचे, दोघांचे आजीवन. तो आधी गेला, तरी कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या पत्नीचे संरक्षण चालू राहते. साठीच्या पुढच्या जोडप्याला या किमतीत असे संरक्षण विकणारी खासगी कंपनी बाजारात नाही.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो अंतराचा आहे. महाराष्ट्रात सीजीएचएसची जुनी, भक्कम केंद्रे मुंबई, पुणे आणि नागपूरला. यादीत नवी शहरे आली असली, तरी गडचिरोलीहून नागपूर दीडशे किलोमीटरांच्या पुढेच राहते. मोतीबिंदू किंवा गुडघेबदल अशा ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी तेवढा प्रवास करता येतो. (सायकलवरून टपाल वाटत आयुष्य काढलेल्या माणसाला गुडघ्यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.) मध्यरात्री छातीत दुखू लागले तर नागपूर गाठणे शक्य नसते. अशा तातडीच्या वेळी योजनेच्या यादीत नसलेल्या जवळच्या इस्पितळातही उपचार घेता येतात आणि सीजीएचएसच्या दरांच्या मर्यादेत खर्च परत मिळतो. बिल आणि दर यांतला फरक खिशातून जातो, कागदपत्रांसाठी खेटे घालावे लागतात, हेही खरे. तरीही हातात काहीच नसण्यापेक्षा ही स्थिती कितीतरी बरी.

शहरात राहणाऱ्यांचा प्रश्न सोपा आहे. सीजीएचएसच्या कक्षेतील निवृत्ताला भत्त्याचा पर्यायच नसतो. त्याने पूर्ण कार्ड घ्यावे. औषधे केंद्रातून मिळतात, यादीतल्या इस्पितळात निवृत्तांना रोख न भरता उपचार होतात, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना तज्ज्ञाकडे जाण्यासाठी केंद्राच्या शिफारशीची अट नाही.

टपाल खात्यात या विषयावर गोंधळ जास्त असण्याला इतिहास आहे. खात्याचे स्वतःचे दवाखाने होते, आणि नोकरीत असताना सीजीएचएसचे सदस्य नसलेल्या टपाल निवृत्तांना योजनेचे दार दीर्घकाळ बंद होते. सातव्या वेतन आयोगाने २०१५च्या अहवालात उरलेले ३३ टपाल दवाखाने सीजीएचएसमध्ये विलीन करावेत आणि सर्व टपाल निवृत्तांना वर्गणी भरून योजनेत येऊ द्यावे, अशी शिफारस केली. पुढे ते दार उघडले. पण ‘आपल्याला ते मिळत नाही’ ही जुनी समजूत अजून अनेक कार्यालयांत सांगितली जाते, आणि ती ऐकून लोक खूण करतात.

खासगी विम्याचे काय? २०२४पासून वयाच्या ६५ वर्षांची मर्यादा गेली, आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला, आणि २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही हटला. तरी साठीत नव्याने घेतलेल्या विम्याचा हप्ता पोस्टमनच्या पेन्शनला जड जातो आणि वयाबरोबर वाढत जातो. आधीपासून विमा असेल तर निदान कार्ड हातात येईपर्यंत तो मोडू नये. सत्तरीनंतरच्या आयुष्मान वय वंदना कार्डाचीही भुरळ पडते. ते कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे छत्र देते, पण इस्पितळात दाखल झाल्यावरच. शिवाय सीजीएचएस असलेल्यांना दोहोंपैकी एकच ठेवता येते. ज्याच्याकडे सीजीएचएस आहे, त्याने ते सोडण्याचे कारण दिसत नाही.

हजाराचा आकडा १ जुलै २०१७पासून हललेला नाही. महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी नव्याने ठरतो. या भत्त्याला तो लागू नाही. सरकारने तो वाढवायला हवाच. पण खात्यानेही निवृत्तीच्या आधी वर्षभर, प्रत्येक कर्मचाऱ्याला मराठीत एक पान द्यावे: तीन वाटा, त्याच्या स्तराची वर्गणी, जवळचे केंद्र. पेन्शनचे कागद तयार करायला तितका काळ लागतोच. त्यात हे एक पान जड नाही.

आणि ज्यांच्यासाठी या तीनपैकी एकही वाट नाही, ते आहेत ग्रामीण डाकसेवक. देशभर त्यांची संख्या लाखांत आहे. ते ६५ वर्षांपर्यंत वाड्या-वस्त्यांवर टपाल पोहोचवतात, आणि निवृत्त होताना त्यांना ना नियमित पेन्शन मिळते, ना भत्ता, ना सीजीएचएस. महाराष्ट्रात त्यांच्या हाती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. तिचे संरक्षण आता वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांचे आहे, आणि त्यासाठी शिधापत्रिका, आधार व योजनेतील इस्पितळाची माहिती हाताशी हवी. सत्तरीनंतर वय वंदना कार्ड मिळते. पण रोजच्या गोळ्यांसाठी यातले काहीही उपयोगी पडत नाही. ज्या हजार रुपयांना पोस्टमन आज अपुरे म्हणतो, तेवढेही डाकसेवकाला मिळत नाहीत.