भीड सोडा, जोडीदारासाठी बोला

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळात साठीच्या पुढची जोडपी आता बरीच आहेत. मुलं नोकरीनिमित्त दूरच्या राज्यांत, घरात दोघंच. अशा घरात एकाला मोठं आजारपण आलं की दुसऱ्याच्या वाट्याला काय येतं, ते मी ह्यांच्या आजारपणात पाहिलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. आजारी जोडीदाराच्या वतीने बोलणं हा आगाऊपणा नाही, तो उपचाराचाच भाग आहे. आणि आपण मराठी माणसं भिडेपोटी नेमके तिथेच मागे पडतो.

डॉक्टरांना उलट विचारायचं नाही, हे आपल्या अंगात मुरलंय. गावी एकच फॅमिली डॉक्टर असायचे आणि घरातल्या तीन पिढ्यांच्या प्रकृती त्यांना पाठ असायच्या. तिथे न बोलता भागायचं. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स बारा तासांनी बदलते आणि वॉर्डाचे डॉक्टर बहुधा आठवड्याने. हृदयाचे डॉक्टर वेगळे, किडनीचे वेगळे. प्रत्येक जण आपापल्या कामात तरबेज असतो. पण हा माणूस एरवी कसा असतो, हे त्या अख्ख्या मजल्यावर फक्त शेजारी बसलेल्या नवऱ्याला किंवा बायकोलाच माहीत असतं.

ह्यांच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतर एके दिवशी हे अगदी गप्प पडून होते. नर्स म्हणाली, आज छान शांत आहेत. तिने नाव विचारलं, साल विचारलं, दोन्ही बरोबर सांगितलं. पण बोटं सारखी चादरीची कड चिमटीत धरून ओढत होती. मग मला हळूच विचारलं, "गाडी कल्याणला किती वेळ थांबते?" मी नर्सला म्हटलं, "हे असे नसतात. काल सकाळी बातम्यांवरून माझ्याशी वाद घालत होते. आज काहीतरी बदललंय, डॉक्टरांनी आत्ताच येऊन बघायला हवं." डॉक्टर आले, तपासण्या झाल्या. लघवीत जंतुसंसर्ग निघाला आणि संध्याकाळच्या आत औषध सुरू झालं.

या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. रुग्ण आरडाओरडा करत असेल तर ती सगळ्यांना दिसते, पण तो गप्प पडून असेल तर सहज नजरेतून सुटते. म्हणूनच ती ओळखण्याच्या एका पद्धतीत रुग्णाला काहीच विचारत नाहीत. जवळच्या माणसाला एकच प्रश्न विचारतात: हे अलीकडे नेहमीपेक्षा जास्त गोंधळलेले वाटतात का? म्हणजे आपल्याला जे जाणवतं, ती नुसती काळजी नसते, ती वैद्यकीय माहिती असते. ती मनात ठेवून नुकसान रुग्णाचंच होतं.

बोलण्यासाठी आधी कळायला हवं. वॉशिंग्टनच्या रेजिना हॉलिडे यांच्या पतीला, फ्रेड यांना, 2009 मध्ये किडनीचा कॅन्सर निघाला. रेजिनाताईंनी नवऱ्याच्या उपचारांच्या नोंदी मागितल्या, तर उत्तर मिळालं: पानाला 73 सेंट आणि 21 दिवसांची वाट. निदानानंतर तीन महिन्यांच्या आत फ्रेड गेले. रेजिना चित्रकार. त्याच वर्षी त्यांनी शहरातल्या एका भिंतीवर भलंमोठं चित्र रंगवलं आणि त्याला नाव दिलं '73 सेंट्स'. पुढे त्या देशभर रुग्णांच्या हक्कांसाठी बोलत राहिल्या. आज परिस्थिती खूप सुधारली आहे. क्युअर्स अ‍ॅक्टखालचा नियम एप्रिल 2021 मध्ये लागू झाला आणि आता डॉक्टरांची टिपणं, रिपोर्ट विनाविलंब पोर्टलवर दिसतात. ते वाचा. जोडीदाराच्या पोर्टलवर स्वतःच्या नावाने रीतसर प्रवेश आजच मागून ठेवा. 'हिपा' या रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याचं नाव ऐकून गप्प बसू नका. रुग्णाची हरकत नसेल तर त्याची देखभाल करणाऱ्या घरच्यांशी बोलायला तो कायदा मनाई करत नाही.

काही जण म्हणतात, जास्त विचारलं की स्टाफ चिडतो आणि त्याचा त्रास आपल्याच माणसाला होतो. ही भीती मी समजू शकते. पण बोलणं म्हणजे भांडणं नव्हे. काल काय होतं, आज काय बदललं, आता काय व्हायला हवं, एवढं तीन वाक्यांत सांगा. नावं, वेळा, औषधं वहीत लिहा, घरचे काढे आणि आयुर्वेदिक गोळ्यासुद्धा. ऐकलं गेलं नाही तर चार्ज नर्सला भेटा, मग मुख्य डॉक्टरांना, मग हॉस्पिटलच्या पेशंट अ‍ॅडव्होकेटला. अनेक हॉस्पिटलांत घरच्यांना थेट तातडीचं पथक बोलावता येतं. भरतीच्या दिवशीच तो नंबर विचारून घ्या. इंग्लंडमध्ये 13 वर्षांची मार्था मिल्स 2021 मध्ये सेप्सिसने गेली. आईवडिलांच्या काळजीची पुरेशी दखल घेतली गेली नव्हती. त्यातून तिथे 2024 पासून 'मार्थाज रूल' लागू होत गेला. त्यानुसार घरच्यांनाही दुसऱ्या तज्ज्ञ पथकाकडून तपासणी मागता येते. घरच्यांचं ऐकायला हवं, हे आता हॉस्पिटलंच मान्य करू लागली आहेत. मग आपणच का कचरावं?

मात्र एक मर्यादा पाळायलाच हवी. बोलायचं ते जोडीदाराच्या मनातलं, आपल्या मनातलं नव्हे. "त्यांना सांगू नका, खचतील," असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. ज्याचा आजार त्यालाच अंधारात ठेवलं, तर त्याच्या वतीने बोलण्याचा आपल्याला काय अधिकार? व्हेंटिलेटर हवा का, किती दिवस, शुद्ध परत येण्याची आशा नसेल तर काय, हे त्याच्याच तोंडून ऐकलेलं असायला हवं आणि कागदावर असायला हवं. 'बायको आहे म्हणजे अधिकार आहेच' असं गृहीत धरू नका, राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. आपल्या न्यू जर्सीत आरोग्यविषयक निर्णयांसाठी प्रतिनिधी नेमायला वकील लागत नाही. दोन सज्ञान साक्षीदार किंवा एक नोटरी पुरे, फक्त नेमलेल्या प्रतिनिधीला स्वतः साक्षीदार होता येत नाही.

म्हणून कार्यकारिणीला माझी आग्रहाची विनंती आहे. गणपती आणि दिवाळी पहाट जितक्या हौसेने करतो, तितक्याच हौसेने वर्षातली एक शनिवार दुपार या कामाला द्या. फॉर्म छापून आणू, आपल्यातल्या डॉक्टर-नर्सना शंका विचारू, एकमेकांचे साक्षीदार होऊ. सह्या दहा मिनिटांत होतील. पण त्याआधीचं नवरा-बायकोचं बोलणं ज्याने त्याने घरीच करायचं आहे, आणि तेही दोघं ठणठणीत असताना.